तीनशे पंचेचाळीस बायका

ईदची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी अदीबा लॅबच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मिस, बकऱ्याच्या भेज्यात लेसिथिन किती असतं?"

मस्कतमधल्या अल् घुब्रातल्या एका भारतीय शाळेत मी तेव्हा नऊ वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते. उत्तराची खरोखर गरज असलेला प्रश्न मला त्या नऊ वर्षांत क्वचितच कुणी विचारला होता. बहुतेक प्रश्न 'परीक्षेला येईल का' एवढ्यावर संपत. अदीबा तर माझी विद्यार्थिनीही नव्हती. ती अकरावीला, ह्युमॅनिटीजला होती. म्हणजे आमच्या शाळेच्या हिशेबात, जिला सायन्स मिळालं नाही अशी. खरं तर तिने सायन्स मागितलंच नव्हतं. पण हे शाळेला समजण्यासारखं नव्हतं, म्हणून शाळेने ते ऐकलं नाही.

तिला इतिहासाच्या प्रकल्पासाठी कातडं कमवायचं होतं.

अकरावीच्या इतिहासात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर एक धडा आहे. दर वर्षी त्यावर प्रदर्शन होतं. दर वर्षी मुलं स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत पिसं आणतात, डोक्याला बांधतात, पुठ्ठ्याचा तंबू उभारतात आणि त्याच्यापुढे 'वुई आर वन विथ नेचर' असं लिहितात. मागे एसी सुरू असतो. अदीबाने पिसं आणली नाहीत. ज्यांच्याबद्दल शाळेत कुणीच ऐकलेलं नव्हतं असे लोक तिने निवडले. यामासी.

यामासी हे आजच्या अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचे लोक. तीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी तिथे कॅरोलायनाची वसाहत केली आणि त्यांना हरणाच्या कातड्यांची चटक लागली. कातड्यांच्या बदल्यात ते बंदुका, कापड आणि रम देत, तेही उधारीवर. १७११पर्यंत ती उधारी एक लाख कातड्यांवर गेली, असं पुस्तकं सांगतात. व्यापारी वसुलीला येत, बायकांना मारत, बायकापोरांना गुलाम म्हणून विकायला नेत. यामासींनीही आधी इंग्रजांसाठी दुसऱ्या जमातींची माणसं धरून विकली होती. अदीबाने तेही तक्त्यावर लिहिलं होतं. "ते सोडलं तर बाकीचंही खोटं वाटेल ना, मिस," ती म्हणाली. १७१५च्या सुमाराला इंग्रजांनी त्यांची शिरगणती केली. गावं दहा. पुरुष चारशे तेरा, बायका तीनशे पंचेचाळीस, मुलगे दोनशे चौतीस, मुली दोनशे अठ्ठावीस. माल मोजतात तो विकण्याआधी, हे यामासींनी पाहिलेलं होतं. त्या एप्रिलमध्ये त्यांची समजूत काढायला इंग्रजांचं एक शिष्टमंडळ त्यांच्या गावी आलं. तुमच्या तक्रारी दूर करू म्हणाले. यामासींनी त्यांना जेवू घातलं, त्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मारून टाकलं. मग युद्ध पेटलं. वसाहत मोडता मोडता वाचली. यामासींची ती गावं मात्र कायमची गेली.

"मग यात लेसिथिन कुठे आलं?" मी विचारलं.

"तिथल्या बायका कातडं हरणाच्या भेज्याने कमवायच्या. मला एक कातडं करून किती तास लागतात ते मोजायचंय. हरीण नाही, पण बकरा आहे."

"कुठे आहे?"

"बाल्कनीत. मीठ लावून ठेवलाय. भेजा फ्रीजरमध्ये."

मी तिला एक कोरं जर्नल दिलं. माझ्या लॅबचे नियम सांगितले: पेन्सिल नाही, खाडाखोड नाही, प्रत्येक नोंदीला वेळ, प्रत्येक पानावर माझी तारखेसह सही. तिने मान डोलावली. बहुतेक मुलं या नियमांना हसतात.

तिचं घर दार्सैतला, तिसऱ्या मजल्यावर. वडील गुलजार, 'गाला' नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका गॅरेजात गाड्यांचं रंगकाम करत. मूळचे रत्नागिरीकडचे. आई नव्हती, व्हिसावर आलेली दादी, हवाबी, घर चालवत होती. एका शुक्रवारी मी बघायला गेले. सीबच्या किनाऱ्यावर पिकनिकवाल्यांनी टाकून दिलेली राख अदीबाने पिशवीतून आणली होती, त्या राखेच्या पाण्यात कातडं चार दिवस भिजवून केस सोडवले होते. आता ते एका पाइपवर टाकून ती सुरीच्या बोथट पाठीने खरवडत होती. खांद्यापासून हात दुखत असावा. ती मधूनमधून तो झटकत होती आणि झटकण्याआधी घड्याळात बघत होती.

हवाबी दारात उभी. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा हिला. भेजा तव्यावर घालायचा की चामड्यावर?"

"चामड्यावरच, हवाबी. त्यात लेसिथिन नावाचं जे तेलकट द्रव्य असतं ते कातड्यात शिरून ते मऊ करतं. केमिस्ट्री आहे."

"मग आमी इतकी वर्सं केमिस्ट्रीच खाल्ली म्हनायची," हवाबी म्हणाली. "बकऱ्याचा भेजा गेला चामड्यात. हिचा कुठं गेला ता सांगा."

"दादी, घड्याळ बंद कर गं, मी पाणी पितेय," अदीबा म्हणाली. दादीने मुकाट्याने स्टॉपवॉच बंद केलं. म्हणजे तिला ते चालवता येत होतं.

काम चाललं नऊ दिवस, मोजलेले तास तेवीस आणि मिनिटं चाळीस. शेवटचा टप्पा सगळ्यांत वाईट. भेजा चोळून पिळलेलं कातडं वाळेपर्यंत सतत ताणत राहायचं. थांबलात की कडक होतं. अदीबा सलग सात तास थांबली नाही. शेवटी जे हातात आलं ते फ्लॅनेलसारखं होतं, पांढरं आणि हलकं. फक्त धुरी द्यायची राहिली होती. धुरी दिल्याशिवाय असं कातडं पाण्यात टिकत नाही. एकदा भिजलं की वाळताना पुन्हा फळीसारखं होतं. पण बिल्डिंगच्या गच्चीवर धूर करायला वॉचमन देईना. तिने कातड्याला एक चिठ्ठी टाचली. 'पाणी लावू नये.'

मग तिने भागाकार केला.

"मिस, पुस्तकांत एक लाखाला पुरुषांनी भागतात. माणशी साधारण अडीचशे कातडी. पण पुरुष नुसती शिकार करायचे. कमवायचं काम बायकांचं. म्हणून मी तीनशे पंचेचाळीसने भागलं. बाईला दोनशे नव्वद. गुणिले माझे तास. दिवसाला आठ तास धरले तर दोन वर्षं चार महिने, एकही सुट्टी न घेता. मग स्वैपाक कधी, शेती कधी, पोरं कधी?"

"तू नवशिकी आहेस. त्यांचा हात जलद असणार."

"लिहिलंय. आणि हरणाचं कातडं बकऱ्याहून मोठं. तेही लिहिलंय. दोन्ही चुका एकमेकींच्या उलट दिशेने आहेत."

चुकांना दिशा असते हे मी बारावीच्या सायन्सवाल्यांना दर वर्षी सांगते आणि दर वर्षी ते विसरतात. मी चौदाव्या पानावर सही केली.

शाळेतल्या प्रदर्शनात तिचं टेबल पहिलं आलं. हे परीक्षकांच्या हुशारीमुळे झालं असं मानायचं कारण नाही. मऊ कातड्याला हात लावायला रांग लागली, म्हणून झालं. आता ते मस्कतच्या सगळ्या भारतीय शाळांच्या स्पर्धेला जाणार होतं. तिथे पहिल्या येणाऱ्या गटाच्या प्रमुखाला बारावीची पूर्ण फी माफ होती. गुलजारने मुलीला स्पष्ट सांगून ठेवलं होतं: बारावी इथे परवडणार नाही, मार्चनंतर दादीबरोबर गावी जायचं, तिथल्या कॉलेजात नाव घालू. अदीबाला इथेच राहायचं होतं. ती हे कुणाला सांगत नव्हती. तिने मला एवढंच विचारलं होतं की फी माफ म्हणजे बसची पण का.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तिथे रमण उपासनी बसले होते. पालक समितीचे सदस्य. एका ट्रेडिंग कंपनीत मॅनेजर. त्यांचा मुलगा अजिंक्य अदीबाच्याच वर्गात होता, आणि त्याचं नाव तिच्या गटात होतं, कारण गट तिघांचा हवा असा नियम होता. तिसरी मुलगी ऑक्टोबरपासून केरळला होती.

"मॅडम, मुलगी हुशार, नो डाऊट," उपासनी म्हणाले. "पण स्टेज म्हणजे स्टेज. तिचं मराठी कोकणी, हिंदी मराठी आणि इंग्लिश हिंदी." ते स्वतःच्या वाक्यावर खूश झाले आणि प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्य खूश झाले. "अजिंक्य डिबेटला दुबईपर्यंत जाऊन आलाय. त्याला लीडर करू. शाळेसाठी."

"काम तिचं आहे," मी म्हणाले.

"अहो, म्हणून तर तिचं नाव राहतंच आहे ना! 'साहाय्य: अदीबा.' आणि एक छोटी गोष्ट. तो बायकांच्या तासांचा चार्ट जरा डिप्रेसिंग आहे, तो काढू. स्पॉन्सर ट्रेडिंगवाले आहेत. व्यापारी म्हणजे राक्षस, असं त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? आम्ही 'व्यापारातून मैत्रीकडे' असं हेडिंग सुचवलंय."

"त्या मैत्रीत शिष्टमंडळ मारलं गेलं."

"तेवढं स्किप करू," उपासनी म्हणाले.

अजिंक्यला फीमाफीची गरज टकल्याला कंगव्याची असते तेवढीच होती. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. फॉर्म माझ्यासमोर होता. मार्गदर्शक शिक्षिका म्हणून खाली एक ओळ होती: वरील माहिती खरी आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मला पुढे प्रॅक्टिकल होतं, आणि मी सही केली. कुणी हात धरला नव्हता. पेनसुद्धा माझंच होतं.

गुरुवारी अजिंक्य कातडं घरी घेऊन गेला, सरावासाठी. शुक्रवारी संध्याकाळी मला त्याच्या आईचा, वसुंधराबाईंचा फोन आला.

"पूर्वा मॅडम, ते कातडं पापड झालंय हो."

"म्हणजे?"

"मी फक्त धुतलं. डेटॉल घालून. मशीनमध्ये डेलिकेटवर लावलं होतं, उगीच नाही. मग गच्चीवर उन्हात टाकलं."

"त्याला चिठ्ठी होती."

"वाचली की. पण मॅडम, कातडं ते. घरात देव आहेत. धुतल्याशिवाय आत कसं घ्यायचं?" मग जरा घाईने, "आमच्याकडे तसलं काही नसतं. पण बाहेरचं आलं की धुऊन घेतो, ते कुणाचंही असो."

शेवटचं वाक्य मला उगीच सांगितलेलं होतं. स्पर्धा मंगळवारी होती.

रविवारी संध्याकाळी आम्ही दार्सैतला गेलो. उपासनी, वसुंधराबाई, अजिंक्य आणि मी. मी का? "तुमचं ती ऐकते," उपासनी म्हणाले होते. त्यांच्या मोठ्या गाडीच्या सीट लेदरच्या होत्या. वसुंधराबाई त्यावर टेकून बसल्या होत्या, मांडीवर मिठाईचा बॉक्स. कडक झालेलं कातडं मागे डिकीत, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, गाठ मारून. गाडी कृष्णमंदिरापाशी पार्क करताना उपासनींनी खिडकीतूनच हात जोडले आणि म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे."

हवाबीने दार उघडलं, आम्हाला बसवलं आणि विचारल्याशिवाय चहा, नानकटाई आणि सांदणं आणून ठेवली. गुलजार अजून कामावरून आला नव्हता. अदीबा समोर खुर्चीवर बसली. तिने पिशव्यांची गाठ सोडली, कातडं बोटाने वाजवून पाहिलं. टक टक वाजलं.

"सॉरी, यार," अजिंक्य म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत असावं. मुलगा वाईट नव्हता; त्याला अजून कशाचीच किंमत मोजावी लागली नव्हती, एवढंच.

"बेटा, झालं ते झालं," उपासनी म्हणाले. "तू जादू करतेस. पुन्हा एकदा कर. दोन दिवस आहेत."

"आणि जमल्यास तो धुराचा वास देऊ नकोस हं," वसुंधराबाई म्हणाल्या. "अजिंक्यला शिंका येतात."

"अंकल, फॉर्मवर लीडर कोण आहे?"

उपासनींनी सांदण तोडलं. "फॉर्म हा नुसता फॉर्म असतो, बेटा. टीम महत्त्वाची."

"मग माझं नाव पहिलं घातलं तर काय होईल?"

"काही होणार नाही."

"मग घाला."

हवाबी हसली. उपासनी हसले नाहीत. अदीबा आत गेली आणि जर्नल घेऊन आली. तिने पानं एकेक करून उलटली, आवाज न चढवता. "चौदा पानं आहेत. प्रत्येकावर मिसची सही आहे. काम कोणी केलं ते यात आहे. आणि फॉर्मवर खाली कोणाची सही आहे, अंकल?"

"हे शाळेचं अंतर्गत आहे," उपासनी म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. बशीवर निळी वेल होती. एके ठिकाणी तिचं पान छापायचं राहून गेलं होतं. एवढं मला नेमकं आठवतं. माझं निरीक्षण नेहमीच चांगलं असतं.

"खावा आधी," हवाबी म्हणाली. "रिकाम्या पोटान भांडू नये."

"मी करते," अदीबा म्हणाली. "मंगळवारी सकाळी शाळेत आणते. तोपर्यंत दोन गोष्टी. फॉर्मवर माझं नाव पहिलं. तीनशे पंचेचाळीसची ओळ तक्त्यावर परत."

"डन," उपासनी म्हणाले. "प्राचार्यांशी बोलतो. होऊन जाईल, इन्शाल्ला."

"साहेब," हवाबी म्हणाली, "इन्शाल्ला करायचा असल तवाच बोलतात. नसल तर नुसता नाय बोला, आमाला चालतं."

या वेळी उपासनी हसले आणि शेवटची नानकटाई उचलली. परतताना गाडीत ते फार प्रसन्न होते. "समजूतदार आहे मुलगी. बघितलंत? थोडं प्रेमाने बोललं की झालं. या लोकांना मान दिला की पुरतं." वसुंधराबाई म्हणाल्या, सांदणं छान होती, फणसाचीच होती ना, वास आला. अजिंक्य मोबाइलवर भाषण पाठ करत होता. त्यात यामासींकडे आलेलं शिष्टमंडळ स्किप केलेलं होतं, त्यामुळे त्या गाडीत जेवून, समजूत काढून, वचन देऊन परत निघालेल्या माणसांचं सकाळी काय होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. तो माझा त्या आठवड्यातला एकमेव सभ्यपणा.

फॉर्म बदलण्याचा अधिकार मार्गदर्शक शिक्षिकेलाही होता. नियमावलीत कलम सहा. सोमवारी मी प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेले. ते मीटिंगमध्ये होते. मी बाहेर पाच मिनिटं थांबले. मग माझा तास होता.

मंगळवारी सकाळी सात वाजता शाळेची बस गेटपाशी उभी होती. तक्ते चढवून झाले होते. सगळ्यांत मोठ्यावर निळ्या अक्षरांत 'व्यापारातून मैत्रीकडे.' अदीबा आली. तेच कातडं, पुन्हा भेजा चोळून ताणलेलं, धुरी न दिलेलं, घडी घालून हातावर घेतलं होतं, शालीसारखं. पहिल्यापेक्षाही मऊ. तिचे डोळे लाल होते आणि उजव्या अंगठ्याला पट्टी होती.

अजिंक्यने हात पुढे केला. "वॉव. थँक्स."

"फॉर्म?" तिने उपासनींना विचारलं.

"अगं, तिथे पोचल्यावर करू. ऑर्गनायझर माझे मित्र आहेत. चल, यल्ला, उशीर होतोय."

तिने प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी काहीतरी बोलणार होते. मी खरंच बोलणार होते, पण नक्की शब्द सापडेपर्यंत मी कधी बोलत नाही.

गेटच्या आत माळ्याची बादली भरलेली होती. अदीबा चार पावलं चालली, कातडं बादलीत घातलं आणि दोन्ही हातांनी खाली दाबून धरलं. बुडबुडे आले. ते थांबेपर्यंत तिने धरून ठेवलं. मग हात झटकले, झटकण्याआधी घड्याळात बघितलं नाही, आणि वर्गाकडे निघून गेली.

"काय मूर्खपणा आहे हा!" वसुंधराबाई ओरडल्या. "आता वाळवायचं कसं?"

कातडं धुतलं की वाळवता येतं, यावर त्यांचा अजूनही विश्वास होता.

पुढे जे झालं ते मला सांगायलाही कंटाळा येतो. उपासनींनी बस गाला वस्तीतून वळवली. गॅरेजांच्या रांगेतल्या एका दुकानातून गाडी पुसायचं शॅमॉय, म्हणजे मऊ कातड्याचं फडकं, घेतलं, पिवळं, कोपऱ्यातला शिक्का कात्रीने कापून टाकला. स्पर्धेत अजिंक्य सुंदर बोलला. एका परीक्षकांनी ते फडकं गालाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "व्हेरी ऑथेंटिक." दुसऱ्यांनी विचारलं, एका कातड्याला किती वेळ लागायचा? अजिंक्यने माझ्याकडे पाहिलं. मी शिक्षकांच्या रांगेत बसले होते. तो म्हणाला, "अॅप्रॉक्सिमेटली वन डे, सर." टाळ्या झाल्या. पहिलं बक्षीस आमच्या शाळेला. उपासनींनी फीमाफी स्टेजवरच नाकारली. 'शाळेच्या पुस्तकपेढीसाठी' म्हणाले. त्यांच्या औदार्याचा फोटो शाळेच्या न्यूजलेटरमध्ये पहिल्या पानावर आला. फोटोत ते फडकंही आहे.

मी आयोजकांना पत्र लिहिलं. चौदा पानांच्या प्रती जोडल्या. टेबलवरची वस्तू काय होती आणि कुठून आणली ते लिहिलं. फॉर्मवर मी खोट्या माहितीखाली सही केली होती असंही लिहिलं. विशेषणं टाळली. चांगलं पत्र होतं. त्यांचं उत्तर तीन ओळींचं आलं. निकालावर हरकत सात दिवसांत घ्यावी लागते. मुदत संपली आहे. आपल्या स्वारस्याबद्दल आभार. प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, कशाला?" आणि विषय बदलला. माझं काहीही बिघडलं नाही.

मार्चमध्ये, अदीबाचं तिकीट निघाल्याचं कळल्यावर, मी दार्सैतला गेले. घरात खोकी बांधून ठेवलेली होती. हवाबी जमिनीवर बसून एका खोक्याला चिकटपट्टी लावत होती. मी अदीबाला माझं पत्र आणि त्यांचं उत्तर दाखवलं. मला वाटतं, तिने काहीतरी म्हणावं अशी माझी अपेक्षा होती.

तिने दोन्ही कागद वाचले. मग पुन्हा पहिल्यावर आली.

"मिस, निकाल दोन डिसेंबरचा."

"हो."

"तुमचं पत्र चौदा तारखेचं."

"हो."

"बारा दिवस." मधे काय होतं ते आठवत असावी. शाळेतल्या मुलांना सगळं कळतं. कुणाला ठेवलं, कुणाला काढलं, हे स्टाफरूमच्या आधी कँटीनला कळतं. "शिक्षकांना पुढच्या वर्षीची कॉन्ट्रॅक्टं कधी दिली, मिस?"

"अकराला. गुरुवारी."

"मग शुक्रवार-शनिवार सुट्टी."

"हो."

"सातव्या दिवशी पाठवलं असतं तर?"

"तर त्यांना चौकशी करावी लागली असती. पानांवर सह्या आणि तारखा होत्या. बहुधा बक्षीस तुला मिळालं असतं."

"बहुधा म्हणजे किती?"

तिला नेमकं उत्तर हवं होतं, नेहमीसारखं. "जवळजवळ नक्की," मी म्हणाले.

तिने कागदांची घडी घातली, कडा जुळवून, आणि मला परत दिले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

हवाबीने चिकटपट्टी दाताने तोडली. "चाय टाकू गो, अदीबा? बाईंना बसा म्हनू की कसा?"

"नको, दादी," अदीबा म्हणाली. "मिसना जायचंय."

मला कुठे जायचं नव्हतं. त्या दिवशी शुक्रवार होता. मी चपला घातल्या. ती दारापर्यंत आली, दार उघडलं आणि मी जिना उतरायला लागण्याआधी ते लावून घेतलं.